देशोदेशींचा उलाँग घरच्या सोप्यावर: नवख्यांसाठी ताडून बघण्याची रीत

गोव्यात फोंड्याला आमच्या घरी चहा म्हटलं की दूध, साखर, ठेचलेलं आलं आणि पातेल्यात दोन-तीन उकळ्या. सकाळी पातळभाजी-पावाबरोबर तो, दुपारी चारला तो, पाहुणा आला की पुन्हा तोच. त्या चहाशी उलाँगचं भांडण नाही. तो सोडायची गरज नाही, मीही सोडलेला नाही. उलाँग हाही चहाच, पण वेगळंच पेय आहे. दूध-साखरेशिवाय, छोट्या पेल्यातून, आणि त्याच पानांवर चार-पाच वेळा पाणी ओतून प्यायचं. ज्याला डोळे मिटून मानकुराद आणि मुसराद आंबा ओळखता येतो, त्याच्या नाकाला हा चहा पटकन जमतो, हा माझा अनुभव.

नवीन माणूस पहिल्यांदा हेच विचारतो: "चीनचा घेऊ की तैवानचा? दार्जिलिंगचा चालेल का?" एका वाक्यात याचं उत्तर देता येत नाही, कारण एकट्या चीनच्या दोन उलाँगांत जेवढं अंतर आहे तेवढं कधी कधी दोन देशांतही सापडत नाही. ताडून बघायची रीत मात्र सांगता येते. ती एकदा हाताला बसली की उत्तर तुमचं तुम्हालाच मिळतं.

आधी पान समजून घ्या

वांगं चिरून पाण्यात टाकलं नाही तर काळं पडतं. नीरफणसाच्या कापांचंही तेच. पेशी फुटतात, आतलं विकर (एन्झाइम) हवेशी गाठ पडताच कामाला लागतं आणि रंग बदलतो. चहाच्या पानात असंच विकर असतं. पान खुडल्यावर लवकर वाफवून किंवा भाजून ते बंद पाडलं की हिरवा चहा. पान चुरगळून त्याला पुरतं लाल-काळं होऊ दिलं की आपला रोजचा काळा चहा. पान असं हवेने लाल-काळं होत जाणं म्हणजे ऑक्सिडेशन. उलाँग या दोहोंच्या मधे कुठेतरी थांबवलेला. नेमका कुठे, ते करणाऱ्याच्या हातात. कुणी 10-15 टक्क्यांवर थांबतो, कुणी 60-70 टक्क्यांपर्यंत जातो.

थांबवण्याआधीचं काम फार सुंदर आहे. पानं उन्हात थोडी कोमेजवतात, मग आत आणून बांबूच्या परड्यांत हलवतात, निजवतात, पुन्हा हलवतात. असं रात्री उशिरापर्यंत चालतं. हलवताना पानांच्या कडा एकमेकींवर घासून ठेचतात, मधला भाग शाबूत राहतो. कडा तांबडी, पोट हिरवं. फुलांचा जो वास उलाँगमध्ये येतो तो बाहेरून घातलेला नसतो, तो याच हलवण्या-निजवण्यातून पानात तयार होतो. नंतर तापलेल्या भांड्यात पान भाजून विकर बंद पाडतात, पट्टीसारखं किंवा गोळीसारखं वळतात, सुकवतात. काही चहा त्यानंतर पुन्हा मंद आचेवर, कधी कोळशावर, तासन्‌तास भाजतात.

म्हणजे पेल्यात जे उतरतं ते चार गोष्टींवर ठरतं: झाडाची जात, मळ्याची उंची आणि हंगाम, कडा किती लाल होऊ दिल्या, आणि शेवटची भाजणी किती. देशाचं नाव या चारांच्या मागून येतं. मानकुरादचं कलम दुसऱ्या मातीत लावलं तर आंबा मानकुरादच राहतो, पण चव तंतोतंत तीच येत नाही. उलाँगची तुलना करताना हे कलम डोळ्यासमोर ठेवा.

कोण कुठे काय करतं

सुरुवात चीनपासून, आणि चीनमध्येही फूच्येन प्रांतापासून. प्रांताच्या उत्तरेला वूयी डोंगर आहेत, 1999 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत. तिथल्या उभ्या कड्यांमधल्या घळींत जो चहा होतो त्याला 'खडकचहा' म्हणतात. पट्टीसारखी काळसर पानं, बरंच ऑक्सिडेशन, वर कोळशाची भाजणी. दा होंग पाओ, रौ ग्वी, श्वे शिएन ही यातली गाजलेली नावं. रौ ग्वी म्हणजे दालचिनी, आणि चांगल्या पानात तो तिखट-गोड सूर खरोखर येतो. आपल्याकडे फोंड्याच्या कुळागरांत, म्हणजे पोफळीच्या बागांत, दालचिनीची झाडं असतात. त्याची ओली साल नखाने खरवडून हुंगा आणि मग पेला हुंगा, साम्य लगेच कळेल. त्याखाली जो खनिजाचा सूर असतो तो मला चिऱ्याच्या पायऱ्यांवर पहिला पाऊस पडतो तेव्हाच्या वासाजवळ वाटतो. दा होंग पाओची मूळ म्हणून ओळखली जाणारी सहा झाडं एका कड्यावर आहेत आणि 2006 पासून त्यांची पानं खुडणं बंद आहे. त्यामुळे 'मूळ झाडाचा दा होंग पाओ' असं कुणी विकत असेल तर पैसे खिशातच ठेवा. बाजारात मिळतो तो त्या झाडांच्या कलमांचा किंवा वेगवेगळ्या खडकचहांचं मिश्रण करून बनवलेला असतो, आणि तोही उत्तम असू शकतो.

त्याच प्रांताच्या दक्षिणेला अन्शी. तिथला तिएग्वान्यिन गोळीसारखा घट्ट वळलेला. गेल्या काही दशकांत तो बहुधा हिरवट, हलका, ताज्या फुलांच्या वासाचा मिळतो. जुन्या पद्धतीचा भाजलेला अजून मिळतो पण मागून घ्यावा लागतो. (गोव्यात राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावी अशी एक गंमत: या दक्षिण फूच्येनच्या बोलीत चहाला 'ते' म्हणतात आणि डच व्यापाऱ्यांमार्फत तोच शब्द युरोपभर 'टी' झाला. पोर्तुगीज मात्र मकावमार्गे कँटनी 'चा' घेऊन गेले. म्हणून पश्चिम युरोपातल्या बहुतेकांचा 'टी' आणि पोर्तुगीजांचा 'शा'.)

चीनचा तिसरा प्रदेश क्वांगतोंगमधला फीनिक्स डोंगर, छाओजो शहराजवळ. इथल्या दानत्सोंग उलाँगवर मला सर्वांत जास्त बोलावंसं वाटतं. दानत्सोंग म्हणजे 'एकेक झुडूप'. वासावरून झाडं निवडत, त्यांची कलमं करत तिथल्या लोकांनी वासांचं अख्खं कुटुंब उभं केलं. मी लान म्हणजे मध आणि ऑर्किड. ह्वांग जी म्हणजे पिवळा अनंत. यु लान म्हणजे मॅग्नोलिया, आपल्या सोनचाफ्याचा भाऊबंद. मो ली म्हणजे आपला मोगरा. एका वाणाचं नाव 'या शी श्यांग', अर्थ बदकाच्या विष्ठेचा वास. पेल्यात मात्र तो निव्वळ फुलांचा असतो. नावाने बिचकू नका. दानत्सोंग बनवताना हात चुकला तर, किंवा ओतणाऱ्याने वेळ जास्त घेतला तरी, तो कडू होतो. नवख्याने पहिल्याच दिवशी हा उघडू नये.

तैवानला उलाँगची झाडं आणि कसब फूच्येनहून गेलं. 1869 मध्ये जॉन डॉड या ब्रिटिश व्यापाऱ्याने तिथला उलाँग थेट न्यूयॉर्कला पाठवला आणि 'फॉर्मोसा उलाँग' हे नाव जगात झालं (फॉर्मोसा हे तैवानचं जुनं नाव). आज तैवान डोंगरी उलाँगसाठी ओळखला जातो. 1000 मीटरच्या वरच्या मळ्यांचा चहा 'उंच डोंगराचा' म्हणवतो. आलीशान, शान लीन शी, आणि 2000 मीटरच्या आसपासचा लीशान. धुकं, थंडी, सावकाश वाढलेलं जाड पान, त्यामुळे तुरटपणा कमी आणि पेला जिभेवर लोण्यासारखा. दोंग दिंग थोडा खालच्या उंचीवरचा, जास्त भाजलेला, भाजक्या दाण्यांच्या आणि काकवीच्या वासाचा. बाओजोंग अगदी हलका, पट्टीसारखा, हिरव्या चहाच्या शेजारचा.

आणि ओरिएंटल ब्यूटी. उन्हाळ्यात एक छोटा हिरवा तुडतुडा कोवळ्या पानांचा रस शोषतो. झाड स्वतःच्या बचावासाठी जी सुगंधी द्रव्यं तयार करतं त्यातून या चहाला पिकल्या फळाचा आणि मधाचा वास येतो. म्हणजे या मळ्यांत कीटकनाशक फवारलं की चहाच गेला. ऑक्सिडेशन भरपूर, पानं पांढरी, तांबूस, तपकिरी अशी मिश्र. नवख्याला हातात धरून दाखवावा असा हा चहा.

थायलंडमध्ये चियांग राय प्रांतातलं दोई माए सालोंग. 1949 नंतर चीन सोडलेले राष्ट्रवादी सैनिक ब्रह्मदेशमार्गे इथे येऊन राहिले. अफूच्या जागी पुढे चहा आला आणि झाडं तैवानहून आली. व्हिएतनाममध्ये लाम दोंग प्रांत, दा लात आणि बाओ लोक, तैवानच्या पैशाने आणि तैवानच्या वाणांनी उभे राहिलेले मळे. या दोन देशांचा उलाँग साधासरळ, स्वच्छ, आणि खिशाला बराच सोपा. व्हिएतनामचा माल तैवानचा म्हणून विकल्याचे प्रकार खुद्द तैवानमध्ये उघडकीस आले आहेत. त्यावरून दोन्हीत किती साम्य असू शकतं याचाही अंदाज येतो.

आपल्या देशात दार्जिलिंगचे काही मळे थोडा उलाँग करतात. तिथे 1841 पासून चिनी जातीची झाडं लागली, आणि मे-जूनच्या बहरात तिथेही तुडतुड्याचा डंख पानाला पिकल्या द्राक्षाचा वास देतो. दार्जिलिंग उलाँग मला बहुतेक वेळा काळ्या दार्जिलिंगचा मवाळ भाऊ वाटतो. कोमेजवणं कडक असतं आणि कडा ठेचण्याचं लांबलचक काम कमी, त्यामुळे फुलांपेक्षा फळ पुढे येतं. शेजारच्या नेपाळात इलाम आणि धनकुटा भागातले उलाँग आवर्जून बघावेत. नीलगिरीचा उलाँग आपल्याला त्यातल्या त्यात जवळचा. हिवाळ्यातल्या थंडीत खुडलेला असेल तर फार सुवासिक.

जोडी लावा, मेळावा भरवू नका

पहिल्या दिवशी सहा देशांचे सहा पेले मांडले की तिसऱ्यानंतर जीभ बधिर होते. एका बैठकीला तीन पुरेत. आणि हे तीन असे निवडा की एकच गोष्ट वेगळी असेल.

देशाचीच तुलना करायची तर सर्वांत प्रामाणिक त्रिकूट जिन श्वानचं. हा तैवानच्या चहा संशोधन केंद्राने 1981 मध्ये आणलेला वाण, क्रमांक 12. तोच आज तैवान, थायलंड आणि व्हिएतनाम तिन्हीकडे होतो. जात एक, वळण एक, हिरवटपणा साधारण एक. उरतो तो डोंगर, हवामान आणि हात. मी नवख्यांना नेहमी इथूनच सुरुवात करायला सांगतो.

दुसऱ्या आठवड्याला तिएग्वान्यिन: अन्शीचा एक, आणि तैवानमधल्या मूझा भागातला एक. मूझाला ही झाडं अन्शीहूनच गेली, पण तिथे भाजणीची जुनी रीत टिकली. अन्शीचा भाजलेला मिळाला तर तोच घ्या, नाहीतर तुम्ही देश ताडताय की भाजणी, हेच कळणार नाही. तिसऱ्या खेपेला तुडतुड्याची जोडी: ओरिएंटल ब्यूटी आणि मे-जूनमधला दार्जिलिंग किंवा नेपाळी उलाँग. ही जोडी मला सर्वांत आवडते, कारण एकच कीटक दोन डोंगरांवर काय करतो ते शेजारी-शेजारी दिसतं. वूयी आणि दानत्सोंग शेवटी.

खरेदी

गोव्यात दुकानात जाऊन हुंगून घ्यावा असा उलाँग सहज मिळत नाही. मळ्यांकडून किंवा चहाच्या दुकानांकडून ऑनलाइन मागवावा लागतो. एका चहाचे 25 ग्रॅम पुष्कळ झाले. 10 ग्रॅमची नमुना-पुडी मिळत असेल तर तीच बरी. परदेशी चहावर आपल्याकडे आयात शुल्क जबर आहे, त्यामुळे किंमत पाहून दचकू नका, पण चढ्या किमतीवरून दर्जाही ठरवू नका.

विकणाऱ्याला चार गोष्टी विचारा: वाण कोणता, मळा कुठे आणि किती उंचीवर, खुडणी कुठल्या वर्षाच्या कुठल्या हंगामाची, भाजणी किती. चांगला विक्रेता चारपैकी तीन तरी सांगतो. पाकिटावर 'प्रीमियम उलाँग' यापलीकडे काही नसेल तर तो चहा तुलनेच्या कामाचा नाही. पिऊन टाका, ताडू नका.

'मिल्क उलाँग'बद्दल वेगळं सांगायला हवं. जिन श्वानला जात्याच हलका दुधाळ वास असतो, म्हणून ते नाव. त्या नावाखाली वरून सुगंध फवारलेला स्वस्त चहाही खूप विकला जातो. मी पहिल्यांदा घेतला तो तसलाच निघाला. पुडी उघडताच कंडेन्स्ड मिल्कचा डबा फोडल्यासारखा वास खोलीभर झाला आणि दुसऱ्या पाण्याला पेल्यात काहीच उरलं नाही. खऱ्या जिन श्वानचा दुधाळपणा कोरड्या पानात जेमतेम जाणवतो, पाणी पडल्यावर हळूच वर येतो आणि तिसऱ्या-चौथ्या पाण्यापर्यंत रेंगाळतो. ओळखायची खूण हीच.

गोव्याची हवा आणि चहाची पुडी

जून ते सप्टेंबर आपल्याकडे पापडसुद्धा डब्यात मऊ पडतात. सुकलेलं चहाचं पान त्याहून हावरट. ओल आणि वास दोन्ही ओढून घेतं. मी एका जुलैत आलीशानची उघडी पुडी स्वयंपाकघराच्या कपाटात ठेवली, खालच्या कप्प्यात सुकी सुंगटं (कोळंबी) होती. पंधरा दिवसांनी पेल्यात फुलं नव्हती, सुंगटं होती. एवढा मेहनतीचा चहा माझ्या निष्काळजीपणाने गेला याचं वाईट आजही वाटतं.

तेव्हा चहा स्वयंपाकघरात ठेवायचाच नाही. कपड्यांच्या कपाटात ठेवलात तर डांबरगोळ्या काढा. घट्ट झाकणाचा, वास नसलेला स्टीलचा किंवा पत्र्याचा डबा, आत मूळ पुडी हवा काढून दुमडलेली. हिरवट उलाँग (तिएग्वान्यिन, आलीशान, बाओजोंग) न उघडलेले असतील तर फ्रिजमध्ये चालतात, पण बाहेर काढल्यावर पुडी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय कापायची नाही, नाहीतर पानांवर दव धरतं. भाजलेले उलाँग बाहेरच ठेवा. ते जरा मऊ पडल्यासारखे वाटले तर कोऱ्या, जाड बुडाच्या तव्यावर अगदी मंद आचेवर पाच-दहा मिनिटं हलवत ठेवले की पुष्कळसे जागेवर येतात. हिरवट उलाँगवर हा उपाय करू नका.

पाणी, भांडी

पाणी तिन्ही पेल्यांना एकच. आमच्या विहिरीचं पाणी मऊ आहे आणि चहाला छान लागतं. किनाऱ्याजवळच्या काही विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, ते पाणी नको. नळाच्या पाण्याला क्लोरिनचा वास असेल तर रात्रभर उघड्या भांड्यात ठेवा. आरओचं पाणी अगदीच निःसत्त्व असेल तर चहा सपाट लागतो; अशा वेळी कमी क्षारांचं बाटलीतलं पाणी बरं.

भांड्यांचं अवडंबर नको. चिनी झाकणाचा पेला, ज्याला गायवान म्हणतात, तो पुढे घ्या. पहिल्या तुलनेला तीन सारख्या पांढऱ्या वाट्या, झाकायला तीन बशा, एक गाळणी, तीन पांढरे पेले एवढं पुरे. पांढरे यासाठी की रंग कळायला हवा. एका गोष्टीवर मात्र पैसे खर्च करा: दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा. चमच्याने मोजणं इथे फसतं. गोळीवळणाचा एक चमचा आणि खडकचहाच्या लांब पट्ट्यांचा एक चमचा यांच्या वजनात दुपटीहून जास्त फरक पडू शकतो, आणि मग तुम्ही चहा नाही, चमचा ताडत बसता.

प्रत्यक्ष ताडणी

सकाळी दहाच्या सुमाराला बसा. पोट अगदी रिकामं नको. साधा उंडो किंवा पोई (गोव्याचे पाव), बरोबर काही नाही. आदल्या रात्रीची शागुती चालेल, त्या सकाळची नाही. उदबत्ती नको, अत्तर नको, डोक्याला ताजं खोबरेल नको.

1. वाट्या उकळत्या पाण्याने विसळून गरम करा. प्रत्येकीत 3 ग्रॅम पान टाकून झाका, अर्ध्या मिनिटाने उघडून हुंगा. गरम भांड्यातल्या कोरड्या पानाचा वास सर्वांत खरा.

2. प्रत्येकीत 150 मिलिलिटर उकळतं पाणी. हो, हिरवट उलाँगलाही उकळतंच. पिण्यासाठी करताना पाणी थोडं निववता येतं, पण पारखताना कडक पाण्यात दोष लपत नाहीत. गोळीला 6 मिनिटं, पट्टीला 5. तैवानमधले परीक्षक साधारण याच मापाने चालतात.

3. गाळून पेल्यांत काढा. पानं वाटीत राहू द्या, झाकून.

4. आता घाई नको. झाकणाच्या बशीची आतली बाजू हुंगा, मग पानं, मग पेला. चमच्याने थोडा चहा घेऊन आवाज करत ओढा. घरच्यांना सांगून ठेवा. एकदा गरम, एकदा कोमट, एकदा पूर्ण निवलेला. गरम असताना सगळेच गोड वागतात. निवल्यावर कोणाचा कडूपणा वर येतो आणि कोणाचा गोडवा टिकतो, तिथे खरं कळतं.

चाखताना तीन गोष्टी धरा. जिभेवर वजन किती: पाण्यासारखा की ताकाच्या निवळीसारखा. तुरटपणा येतो का, आणि आला तर जातो का. आणि घोट गिळल्यावर गोडवा परत येतो का. या शेवटच्या गोष्टीला चिनी चहावाले 'हुई गान' म्हणतात. आपल्याला ती नव्याने शिकायला नको. आवळा चावून पाणी प्यायल्यावर घशात जे होतं तेच ते. उंच डोंगराच्या तैवानी उलाँगमध्ये आणि चांगल्या खडकचहात ते ठळक असतं. जिन श्वानच्या त्रिकुटात बघा: माझ्या पेल्यांत थायलंड-व्हिएतनामचा वास बहुधा तैवानच्या बरोबरीने उभा राहतो, मागे पडतो तो या घशातल्या गोडव्यात.

वासाला आपली नावं द्या

इंग्रजी पाकिटांवर लिलॅक, पीच, हनीसकल असं काय काय लिहिलेलं असतं. यातली निम्मी फुलं आपण हुंगलेलीच नाहीत. ती नावं पाठ करण्यात अर्थ नाही.

आमची आत्या वयाची ऐंशी गाठत आली, रोज देवासाठी फुलं ओवते. एकदा मी तिच्यापुढे तीन पेले ठेवले. काय काय आहे ते सांगितलं नाही.

"आत्ये, नुसता वास घे. प्यायचं नाही तर नको पिऊ."

तिने पहिला हुंगला, बाजूला ठेवला. दुसरा बराच वेळ नाकाशी धरला. "हा अनंताचा. पण सकाळच्या नाही, संध्याकाळी पिवळा पडतो ना, तेव्हाच्या अनंताचा." तो ह्वांग जी दानत्सोंग होता, नावातच पिवळा अनंत असलेला. तिसऱ्यावर म्हणाली, "ह्यात सुकलेली ओवळां आहेत, आणि थोडी काकवी." तो ओरिएंटल ब्यूटी. ओवळां म्हणजे बकुळ. सुकल्यावर त्याचा वास जसा दाट, मधाळ होत जातो तसाच त्या पेल्याचा होता. मला आठ महिने जो शब्द सापडत नव्हता तो तिने दोन मिनिटांत दिला.

तेव्हा आपली फुलं, आपली फळं, आपलं घर. सुरंगी, जाई, सोनचाफा, पिकलेला काजूबोंड, भिजवलेले मूग, भाजलेलं खोबरं, काकवी, ओला चिरा, धान्य पाखडायचं नवं सूप. वहीत असं लिहिलंत तर सहा महिन्यांनी वाचल्यावरही पेला आठवेल.

झाकून चाखा, मग पानं बघा

पाकीट समोर असेल तर मन आधीच निकाल देऊन मोकळं होतं. म्हणून पेल्यांच्या बुडाला चिठ्ठी चिकटवा, घरच्या कुणाला तरी जागा बदलायला सांगा, आणि वहीत लिहून झाल्यावरच पेला उलटा. पहिल्या दोन-तीन वेळा माझे अंदाज सपशेल चुकले. चालतं. चुकीचं कारणही वहीत लिहायचं.

शेवटी भिजलेली पानं पांढऱ्या बशीत पसरा. मला हा भाग सर्वांत प्रिय. मुगाएवढी दिसणारी गोळी उलगडून बोटभर लांब पान होते, देठ आणि दोन-तीन पानं जोडलेलीच. कडा बघा: तांबडी किनार सलग आहे की तुटक? हिरवट अन्शीत किनार फाटकी दिसते, कारण तिथे लाल कडा बऱ्याचदा चोळून काढून टाकतात. ओरिएंटल ब्यूटीत पान जवळजवळ पूर्ण तांबूस. दार्जिलिंगचं पान छोटं, पातळ, तपकिरी-हिरवं मिश्र. जास्त भाजलेल्या खडकचहाचं पान काळपट, पण बोटाने दाबल्यावर मऊ पसरायला हवं. कोळशाच्या चुऱ्यासारखं ताठ राहिलं तर भाजताना करपलं आहे, आणि दुकानदार त्याला 'पारंपरिक' म्हणाला तरी ते करपलेलंच.

दुसऱ्या दिवशी, पिण्यासाठी

ताडणीचा पेला आनंदासाठी नसतो. ज्याने जास्त गुण मिळवले तो दुसऱ्या दिवशी नीट करून प्या. 100-120 मिलिलिटरचा गायवान किंवा छोटी किटली, 5-6 ग्रॅम पान. पहिलं पाणी 20-30 सेकंद, पुढचं त्याहून थोडं कमी कारण पान आता उघडलेलं असतं, मग दर वेळी दहा-पंधरा सेकंद वाढवत न्या. खडकचहा आणि भाजलेल्या उलाँगला खळखळतं पाणी. इथे आपल्याला फायदा आहे: फोंडा समुद्रसपाटीजवळ, पाणी पुरतं 100 अंशांवर उकळतं; दार्जिलिंगच्या 2000 मीटरवर ते 93 च्या आसपासच उकळतं. हिरवट उलाँगला 90 च्या जवळ. दानत्सोंगला पाणी कडक पण वेळ फार थोडा, पाच-दहा सेकंद, नाहीतर त्याचा कडूपणा वर येईल. सहा-सात पाणी सहज निघतात, आणि काही चहा तिसऱ्यालाच तोंड उघडतात.

चाखून उरलेल्या अर्ध्या-अर्ध्या पुड्या पावसाळ्यापर्यंत ठेवू नका. हिरवट असतील त्या मे महिन्यात थंड पाण्यात घाला: एका लिटरला 8 ग्रॅम, झाकून फ्रिजमध्ये रात्रभर, सकाळी गाळून घ्यायचं. कडूपणा उतरत नाही, वास सगळा उतरतो. आमच्याकडे ती बाटली दुपारच्या जेवणाआधीच रिकामी होते, आणि आत्या विचारते, "आज ती अनंताची आहे की दुसरी?"